गोळी कंपनीची, औषध पेशीचं

एचआयव्हीची गोळी गिळताना तिच्यातलं बरंचसं औषध अजून औषध झालेलंच नसतं. हे वाक्य वर्गात टाकलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, म्हणून इथेही तिथूनच सुरुवात करते. आज भारतात एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रांवर, बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी नावाची गोळी मिळते, म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. त्यातलं डोल्युटेग्राविर कारखान्यातून जसं निघतं तसंच जाऊन काम करतं. उरलेली दोन मात्र पोटात जातात तेव्हा व्हायरसचं काहीही वाकडं करू शकत नाहीत. त्यांचं औषध बनतं आपल्या पेशीच्या आत आणि बनवणारी एन्झाइम्स आपली स्वतःची असतात, व्हायरसची नाहीत, कंपनीची तर नाहीतच.

मी फार्मसी कॉलेजात शिकवते, आणि दरवर्षी बघते की परीक्षेच्या गाईडमधे ह्या औषधांबद्दल एकच ओळ असते, 'डीएनएची साखळी थांबवतात', झालं, दोन मार्क. चूक नाहीये ते, पण ती शेवटची पायरी झाली, त्याआधी तीन पायऱ्या आहेत आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. खरं तर ह्या औषधांबद्दलचे व्यवहारातले जेवढे म्हणून प्रश्न आहेत, डोस एवढा का, दिवसातून एकदाच कशी पुरते, अमुक दोन औषधं एकत्र का चालत नाहीत, किडनीचीच भीती का, त्यातल्या बऱ्याच जणांची उत्तरं ह्या आधीच्या पायऱ्यांवर मिळतात.

आता थोडं मुळापासून. एचआयव्ही हा आरएनए व्हायरस, पेशीत शिरला की रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचं स्वतःचं एन्झाइम वापरून आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. त्याला लागणारा कच्चा माल तो पेशीचाच वापरतो, ए, टी, जी, सी ही चार न्यूक्लिओटाइड्स, आणि ह्या प्रत्येकाला तीन फॉस्फेट जोडलेले असावे लागतात, एक नाही, दोन नाही, तीनच. साखळीत बसताना त्यातले दोन सुटून जातात आणि त्यातूनच जोडणीची एनर्जी मिळते. औषध ह्या चौघांपैकी एकासारखं दिसतं पण पुढचं न्यूक्लिओटाइड जोडायला जो ओएच ग्रुप लागतो तोच त्याच्यावर नसतो, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज फसतं, त्याला साखळीत घेतं आणि साखळी तिथेच संपते. पण फसवायचं तर औषधालाही तीन फॉस्फेट हवेतच ना.

मग कंपनीने तीन फॉस्फेट लावूनच गोळी का नाही विकायची? मुलं हे हमखास विचारतात आणि विचारायलाच हवं. फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज असतो, आणि एवढा चार्ज घेऊन कुठलाही रेणू पेशीच्या चरबीच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही. शिवाय आतड्यात आणि रक्तात फॉस्फेट उपटून काढणारी एन्झाइम्स टपून बसलेली असतात, म्हणजे लावलेले तीनही फॉस्फेट वाटेतच गळून जाणार. त्यामुळे द्यायचा बिनचार्जचा न्यूक्लिओसाइड, म्हणजे फॉस्फेट नसलेला न्यूक्लिओटाइड, तो आत शिरणार, आणि आत गेल्यावर पेशीची कायनेज एन्झाइम्स त्याला एकेक करून तीन फॉस्फेट लावणार. कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइम्स, आणि ती काही औषधासाठी बनलेली नाहीत, त्यांचं रोजचं काम आपला स्वतःचा डीएनए बनवायला माल तयार ठेवणं हे आहे. औषध त्यांच्यासमोर अनाहूत पाहुणा म्हणून येतं. कोणतं कायनेज ह्या पाहुण्याला कितपत हात लावतं, ह्यावर ह्या औषधांचा जवळजवळ सगळा इतिहास उभा आहे.

इथे नागिणीच्या किंवा हर्पीसच्या औषधाशी तुलना केली की फरक कळतो. असायक्लोविर, जे आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमधे मिळतं, ते गरट्रूड एलियन यांच्या टीमने काढलेलं (एलियनबाईंना १९८८चं नोबेल मिळालं). त्यालाही तीन फॉस्फेट लागतात, पण पहिला फॉस्फेट हर्पीस व्हायरसचं स्वतःचं थायमिडीन कायनेज लावतं. म्हणजे ज्या पेशीत व्हायरस आहे तिथेच औषध जागं होतं, बाकी शरीराला पत्ता नाही. किती सोयीचं! एचआयव्हीकडे असलं काही नाहीच, जेमतेम नऊ जीन्सचा व्हायरस, त्यात कायनेज बसवायला जागा कुठली. त्यामुळे त्याच्या विरुद्धचं औषध आपल्यालाच आपल्या पेशीत बनवावं लागतं, तेही इन्फेक्शन झालेल्या आणि न झालेल्या दोन्ही पेशींमधे सारखंच. ह्याचा तोटा उघड आहे, साइड इफेक्ट. पण दोन फायदेही आहेत ज्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. हर्पीसचा व्हायरस आपलं कायनेज बिघडवून किंवा टाकून देऊन असायक्लोविरला चकवू शकतो आणि चकवतोही, एचआयव्हीला तो रस्ताच नाही कारण कायनेज त्याच्या हातात नाही, त्याला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच बदलावं लागतं. दुसरा फायदा पुढे येईलच.

आता एझेडटी. पूर्ण नाव अझिडोथायमिडीन, नंतरचं नाव झिडोव्ह्युडिन. १९६४ मधे डेट्रॉइटला जेरोम हॉरविट्झ नावाच्या केमिस्टने हे बनवलं, कॅन्सरसाठी. कल्पना अशी की कॅन्सरच्या पेशी भराभर डीएनए बनवतात तर त्यांना खोटा थायमिडीन (थायमिडीन म्हणजे टीचा न्यूक्लिओसाइड) खायला घालू. उंदरांच्या ल्युकेमियावर काहीच परिणाम झाला नाही, हॉरविट्झनी पेटंटही घेतलं नाही, रेणू फडताळात गेला. वीस वर्षांनी बरोज वेलकम कंपनीने तो बाहेर काढला आणि अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला तपासायला पाठवला, तिथे सॅम्युएल ब्रोडर यांच्या लॅबमधे हिरोआकी मित्सुया यांनी १९८५च्या सुरुवातीला एचआयव्हीवर टेस्ट केली आणि व्हायरस अडला. मार्च १९८७ मधे मंजुरी. एड्सवरचं पहिलं औषध. लॅबमधे चाललं ते दोन वर्षांत मंजूर, त्या काळात हे अचाटच होतं.

पण डोस बघा. मंजूर झाला तेव्हा दिवसाला १२०० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. लोक अलार्म लावून उठायचे. आणि त्या डोसने रक्त उतरायचं, कित्येकांना रक्त चढवावं लागायचं, बोन मॅरोच दाबली जायची. असं का होत होतं ह्याचं मोठं उत्तर १९८६ मधेच छापून आलेलं होतं. बरोज वेलकममधल्याच फिलिप फरमन आणि सहकाऱ्यांनी पेशीत एझेडटीचं काय होतं हे पायरी पायरीने मोजलं. पहिला फॉस्फेट लावतं पेशीचं थायमिडीन कायनेज, आणि ते एझेडटीवर फिदा आहे, खऱ्या थायमिडीनच्या ६० टक्के वेगाने फॉस्फेट लावतं. इथवर मस्त. दुसरा फॉस्फेट लावतं थायमिडिलेट कायनेज, आणि तिथे वेग किती, तर खऱ्याच्या ०.३ टक्के. शून्य पॉइंट तीन! म्हणजे सरकारी ऑफिसात पहिल्या टेबलावर शिक्का लगेच मिळतो, दुसऱ्या टेबलावरचे साहेब फाईल उघडतच नाहीत, आणि पहिलं टेबल मात्र फाईली पुढे ढकलतच राहतं, तसा पेशीत एक फॉस्फेटवाला एझेडटी साठत जातो. खरं काम करणारा तीन फॉस्फेटवाला चिमूटभर. आणि साठलेला हा माल नुसता पडून राहत नाही, तो थायमिडिलेट कायनेजलाच चिकटून त्याला अडवतो, त्यामुळे पेशीला स्वतःसाठी लागणारा खरा तीन फॉस्फेटवाला थायमिडीन कमी पडायला लागतो. ज्या पेशी सतत विभागत असतात, बोन मॅरोच्या, त्यांना ह्याचा फटका बसला नाही तरच नवल.

ह्यावरून पुढची गोष्ट आपोआप येते. डोस दुप्पट केला तर पहिल्या पायरीचा माल वाढणार, तिसऱ्या पायरीचा फारसा नाही, कारण अडचण मधे आहे. म्हणजे जास्त गोळ्यांनी विषारीपणा वाढणार, फायदा त्या मानाने नाही. ट्रायल्समधे नेमकं तेच दिसलं, कमी डोसही तेवढाच चालतो, आणि १९९० मधे अमेरिकेत डोस निम्म्यावर आला, पुढे ६०० मिलिग्रॅम, दोन वेळा विभागून, हाच रुळला. मला नेहमी वाटतं की फरमनचा पेपर १९८६ मधे आला आणि डोस १९९० मधे उतरला, ही मधली चार वर्षं ज्यांनी ते औषध घेतलं त्यांना फार महाग पडली. अर्थात तेव्हा माणसं आठवड्याला मरत होती, कमी डोस देऊन बघू म्हणायची हिंमत कोणाची होणार, हेही खरंच.

थायमिडिलेट कायनेज असं का वागतं ह्याचं चित्र पुढे क्रिस्टल स्ट्रक्चरमधून मिळालं, जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी ते काढलं. फॉस्फेट लावताना ह्या एन्झाइमचा एक छोटा लूप मिटून घ्यावा लागतो, एझेडटीवरचा अझाइड ग्रुप, जो एझेडटीला एझेडटी बनवतो तोच, नेमका त्या जागेत घुसतो आणि लूप नीट मिटतच नाही. त्याच लोकांनी मग मानवी एन्झाइममधे बॅक्टेरियाच्या एन्झाइमचा तुकडा बसवून बघितला आणि एझेडटीवरचा वेग कितीतरी पटींनी वाढला. औषध तेच, व्हायरस तोच, फक्त आपलं एन्झाइम वेगळं असतं तर एझेडटीची कहाणीच वेगळी झाली असती. मला हा प्रयोग भारी आवडतो.

आता स्टॅव्ह्युडिन, म्हणजे डी-फोर-टी. हाही थायमिडीनचाच नकली भाऊ, पण ह्याचं उलट आहे, ह्याला पहिलीच पायरी जड जाते, थायमिडीन कायनेज त्याला फार नाखुशीने हात लावतं, एकदा पहिला फॉस्फेट लागला की पुढचं सुरळीत. मग दोन्ही एकत्र दिले तर? कागदावर वाटतं की दोन औषधं, दुप्पट मारा. प्रत्यक्षात थायमिडीन कायनेज एकच, त्याला एझेडटी प्रचंड आवडतो, तो सगळी जागा अडवून बसतो आणि स्टॅव्ह्युडिनला पहिला फॉस्फेट मिळतच नाही, म्हणजे गोळी गिळली पण औषध बनलंच नाही. अमेरिकेत ट्रायलमधे एकत्र देऊनही बघितलं, पेशंटच्या सीडीफोर पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, वाढायच्या ऐवजी घसरल्या. तेव्हापासून हे दोघं एका प्रिस्क्रिप्शनमधे कधी येत नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे चांगलं माहितीये. फेब्रुवारी २००१ मधे मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा कोर्स मेदसां सां फ्राँतिएर ह्या डॉक्टरांच्या सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमधे, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी, द्यायची तयारी दाखवली, बड्या कंपन्या तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर लावत होत्या, आणि त्या तीन औषधांत स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन होतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल पहिल्या काही सेंटर्समधलं, तिथेही स्टॅव्ह्युडिन किंवा एझेडटी, दोन्हीपैकी एक, हीमोग्लोबिन कमी असेल त्याला स्टॅव्ह्युडिन, चांगलं असेल त्याला एझेडटी. एकाने रक्त उतरायचं, दुसऱ्याने पायाला आग व्हायची, गाल आत जायचे, ओळखीच्यांना चेहऱ्यावरूनच कळायचं, आणि ह्या भीतीने लोक गोळ्या सोडायचे. ह्यामागेही तीच तिसऱ्या पायरीनंतरची गोष्ट, तीन फॉस्फेटवाला स्टॅव्ह्युडिन आपल्या मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला एनर्जी पुरवणाऱ्या भागातलं) डीएनए बनवणारं एन्झाइमही आनंदाने उचलतं, ते फसलं की मायटोकॉन्ड्रिया थकतात. स्वस्त होतं, लाखो जीव वाचवले, आणि त्रासही दिला. २००९ मधे जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं, आता दिसत नाही.

डिडॅनोसिन हा एक विचित्र प्राणी, ह्याच्यावर थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. ह्याला पहिला फॉस्फेट लावायला कुठलंच कायनेज तयार नाही. मग कोण लावतं, तर फायव्ह-प्राइम न्यूक्लिओटायडेज, ज्याचं नेहमीचं काम फॉस्फेट काढून टाकणं हे आहे! ते एका रेणूचा फॉस्फेट काढतं आणि जवळ डिडॅनोसिन दिसला तर त्याच्यावर चिकटवतं. ज्याचा काढतं तो रेणू म्हणजे इनोसिन मोनोफॉस्फेट, आयएमपी. (चिप्सच्या किंवा नूडल्सच्या पाकिटावर फ्लेवर एन्हान्सर ६३१ लिहिलेलं असतं ना, ते ह्याच आयएमपीचं मीठ.) आता समजा पेशीत आयएमपी वाढला तर? डिडॅनोसिनही जास्त जागा होणार. हिपॅटायटिस सीसाठी जे रायबाव्हिरिन द्यायचे ते आयएमपी पुढे वापरला जाण्याची वाटच बंद करतं, म्हणजे आयएमपी साठतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या लोकांना ही दोन्ही औषधं एकत्र दिली तेव्हा लॅक्टिक अॅसिडोसिस (रक्तात अॅसिड साठणं) आणि पॅनक्रियाटायटिसचे (स्वादुपिंडाला सूज) जीवघेणे प्रकार झाले आणि मग जोडीवर बंदी आली. औषधांचं इंटरअॅक्शन म्हटलं की आपण लिव्हरमधल्या, औषधं मोडणाऱ्या सायटोक्रोम एन्झाइम्सकडेच बोट दाखवतो, इथे भांडण लिव्हरमधे नव्हतंच, पेशीच्या आत एका फॉस्फेटवरून होतं.

लॅमिव्ह्युडिन ह्या सगळ्यांत गुणी. आपल्या डीएनएमधली साखर एका हाताची असते, लॅमिव्ह्युडिन मुद्दाम उलट्या हाताचं आहे, आरशात बघितल्यासारखं. मॉन्ट्रियलच्या बायोकेम फार्मामधे बर्नार्ड बेलो यांच्या टीमने काढलेलं. असला उलटा रेणू एन्झाइम्स घेणार नाहीत असंच कोणालाही वाटलं असतं, पण पहिला फॉस्फेट लावणारं डीऑक्सिसायटिडीन कायनेज ह्या बाबतीत फारच दिलदार आहे, उलटा सुलटा त्याला काही फरक पडत नाही. फसतं ते रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, मायटोकॉन्ड्रियाचं एन्झाइम मात्र ह्या उलट्या रेणूला सहसा जवळ करत नाही. म्हणून साइड इफेक्ट इतके कमी की ३०० मिलिग्रॅम रोज वर्षानुवर्षं घेता येतं.

लॅमिव्ह्युडिन रक्तातून पाच ते सात तासांत निम्मं होतं, मग चोवीस तासांतून एकदा कसं पुरतं, हा प्रश्न गेल्या वर्षी एका मुलीने विचारला आणि मला इतका आनंद झाला की बाकीचा तास त्यातच गेला. उत्तर असं की रक्तातला आकडा इथे बघायचाच नाही. पेशीत जाऊन तीन फॉस्फेट लागले की चार्जमुळे तो रेणू बाहेर पडू शकत नाही, आतच अडकतो. लॅमिव्ह्युडिनचा तीन फॉस्फेटवाला अवतार पेशीत पंधरा तासांच्या आगेमागे निम्मा होतो, त्याच जातीच्या एमट्रिसिटाबिनचा जवळजवळ ३९ तासांनी, अबाकाविर हे आणखी एक, ते रक्तातून दीड तासात निम्मं होतं पण पेशीत वीसेक तास टिकतं. टेनोफोविरचं तर काय सांगावं, रक्ताच्या पांढऱ्या पेशींत काही दिवस, आणि लाल पेशींत निम्मं व्हायला सतरा दिवसांच्या आसपास. म्हणूनच बोटाच्या टोकाचं रक्त कागदावर सुकवून त्यातला टेनोफोविर मोजला की माणूस गेले दीड-दोन महिने गोळ्या नेमाने घेत होता का हे सांगता येतं. तोंडाने काहीही सांगा, लाल पेशी चुगली करतात.

टेनोफोविरची जन्मकथा प्रागमधली. अंतोनिन होली हा तिथल्या ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्रीच्या इन्स्टिट्यूटमधला चेक केमिस्ट, आणि बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या रेगा इन्स्टिट्यूटचे एरिक द क्लर्क. १९७६ मधे ग्योटिंगेनच्या एका परिषदेत भेटले, मधे लोखंडी पडदा, तरी होली पाकिटातून नमुने पाठवत राहिले आणि द क्लर्क व्हायरसवर तपासत राहिले. होलींची युक्ती अशी की पहिला फॉस्फेट जर सगळ्यात नखरेल कायनेजच्या हातून लागत असेल तर त्या कायनेजला विचारायचंच कशाला. त्यांनी रेणूवर फॉस्फेटसारखाच ग्रुप आधीच लावून टाकला, पण साधा फॉस्फेट नाही, फॉस्फोनेट, म्हणजे फॉस्फरस ऑक्सिजनमधून न जोडता थेट कार्बनला जोडलेला. हा बंध फॉस्फेट उपटणारी एन्झाइम्स तोडूच शकत नाहीत. आता दोनच फॉस्फेट लावायचे उरले. त्यातला पहिला अॅडेनिलेट कायनेज लावतं. शेवटचा कोण लावतं ह्यावर जॉन्स हॉपकिन्समधे नमांजे बम्पस यांच्या लॅबने काम केलं (पुढे त्या एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या, चीफ सायंटिस्ट झाल्या) आणि कळलं की ते जागेवर अवलंबून आहे, रक्ताच्या पेशींत पायरुव्हेट कायनेज, मोठ्या आतड्याच्या टिश्यूमधे स्नायूतलं क्रिएटिन कायनेज, तेच ज्याची सीपीके म्हणून हार्ट अटॅकच्या संशयात टेस्ट करायचे. आणि ह्या एन्झाइम्सच्या जीन्समधे माणसामाणसांत फरकही सापडले. एकच गोळी दोन माणसांच्या शरीरात सारखं औषध बनवेल असं गृहीत धरता येत नाही ते त्यामुळे.

मघाशी म्हटलेला दुसरा फायदा इथे आला. टेनोफोविर निरोगी पेशीतही तीन फॉस्फेटच्या बरोबरीचा होतो, म्हणजे व्हायरस आत येईल तेव्हा त्याच्या आधीच माल भरून ठेवलेला असतो, प्रेप म्हणजे इन्फेक्शन होऊ नये म्हणून घ्यायची गोळी ह्याच कारणाने चालते. असायक्लोविरसारखं औषध व्हायरसच्या कायनेजची वाट बघत बसलं असतं तर ही सोय मिळाली नसती. १६ जुलै २०१२ ला अमेरिकेत प्रेपसाठी टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिनच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि त्याच दिवशी प्रागमधे होली वारले.

पण फॉस्फोनेटमुळे एक अडचण झाली, चार्ज परत आला, आणि चार्जवालं औषध आतड्यातून शोषलं जात नाही. मग त्याच्यावर दोन टोप्या चढवल्या, टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल, टीडीएफ, २००१ मधे मंजूर, तेच आपल्या टीएलडीमधलं. टोप्या काढतात आतड्यातली आणि रक्तातली एस्टरेज एन्झाइम्स, आणि काढण्याची फार घाई करतात, पेशीत पोचण्याच्या आधीच रक्तात टेनोफोविर उघडा पडतो. उघडा, चार्जवाला टेनोफोविर किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी एका ट्रान्सपोर्टरने ओढून घेतात आणि तिथे तो साठतो, म्हणून टीडीएफवर असलेल्यांची क्रिएटिनिन बघत राहावी लागते. हाडांचंही थोडं तसंच.

टीएएफ, टेनोफोविर अलाफेनामाइड, म्हणजे टोपी बदलली. ही टोपी रक्तातल्या एस्टरेजना पटकन निघत नाही, ती काढतं कॅथेप्सिन ए नावाचं एन्झाइम, जे पेशीच्या आतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांमधे असतं, आणि लिम्फोसाइट्समधे, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींमधे, चांगलं भरपूर असतं. म्हणजे व्हायरस जिथे राहतो तिथेच टोपी निघते. एकदा कॅथेप्सिनने एक बंध तोडला की पुढचे तुकडे जवळजवळ आपोआप सुटतात. परिणाम आकड्यात बघा, ३०० मिलिग्रॅमचं काम २५ मिलिग्रॅममधे होतं आणि रक्तात फिरणारा टेनोफोविर ९० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. किडनीला बरं. वजन मात्र काही जणांचं वाढतं, त्यावर वेगळं भांडण चालू आहे.

ही टोपीची युक्ती मुळात ब्रिटनमधल्या कार्डिफच्या ख्रिस मॅकगिगन यांची, आणि तिचा एक भाऊ महाराष्ट्रातल्या घराघरात माहिती आहे. एप्रिल २०२१ मधे ज्याच्यासाठी लोक मेडिकलच्या बाहेर रात्रभर रांगा लावत होते आणि काळ्या बाजारात काहीच्या काही पैसे मोजत होते ते रेमडेसिविर. तीच रचना, न्यूक्लिओसाइडवर टोपीवाला फॉस्फेट, आत गेल्यावर एस्टरेज आणि कॅथेप्सिनने टोपी काढायची, मग पेशीच्या कायनेजने उरलेले दोन फॉस्फेट लावायचे. तोंडाने दिलं तर लिव्हरच पहिल्या फेरीत गिळून टाकतं म्हणून शिरेतून द्यावं लागायचं. ज्या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते त्याच्यावर शेवटचा हात पेशंटच्या पेशींनाच फिरवायचा होता, हे तेव्हा कोणाला सुचणार.

शेवटी एक नवं, ज्याच्यात सगळं उलटं झालं. इस्लाट्राविर. मूळ रेणूवर काम झालं जपानमधल्या चोशीच्या यामासा कंपनीत, जी मुळात सोया सॉस बनवते, आणि चवीसाठी न्यूक्लिओटाइड्स बनवता बनवता न्यूक्लिओसाइडच्या केमिस्ट्रीत मुरलेली. ह्याच्यात ओएच ग्रुप शाबूत ठेवलाय तरी साखळी पुढे सरकत नाही, फ्लोरीन लावल्यामुळे त्याला तोडणारं अॅडेनोसिन डीअमिनेज हात लावू शकत नाही, आणि पहिला फॉस्फेट लावणारं तेच दिलदार डीऑक्सिसायटिडीन कायनेज. सगळ्याच पायऱ्या सुरळीत, तीन फॉस्फेटवाला अवतार पेशीत कित्येक दिवस टिकणारा, महिन्यातून एकदा गोळी वगैरे स्वप्नं रंगली. आणि डिसेंबर २०२१ मधे एफडीएने ट्रायल थांबवल्या कारण घेणाऱ्यांचे लिम्फोसाइट्स कमी व्हायला लागले होते. एझेडटीला दुसऱ्या पायरीवर धड कायनेज मिळत नव्हतं, ह्याला जास्तच मिळालं, लिम्फोसाइट्समधे हे कायनेज भरपूर, त्यामुळे औषध नेमकं तिथेच प्रमाणाबाहेर साठत गेलं असं दिसतं. रोजच्या गोळीतला डोस ०.७५ मिलिग्रॅमवरून ०.२५ वर आणला आणि डोराविरिन ह्या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने नव्या ट्रायल्स घेतल्या, दर भेटीला लिम्फोसाइट्स मोजत.